एसएसओ लॉगिन पुन्हा पुन्हा अडकतं? आधी पान कुणाचं आहे ते बघा

सकाळी ऑफिसच्या ॲपमध्ये शिरायला 'साइन इन विथ एसएसओ' दाबलं, कंपनीचं लॉगिन पान आलं, पासवर्ड दिला, मोबाइलवर होकार दिला आणि स्वारी परत पहिल्याच पानावर. नाहीतर लांबलचक आकड्याचा एरर. आयटीला फोन केला, त्यांनी कॅशे साफ करायला लावली, त्या दिवशी काम झालं. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

एसएसओ म्हणजे सिंगल साइन-ऑन: एकाच लॉगिनने कंपनीची सगळी ॲप्स उघडायची सोय. ही पोस्ट तिच्यातल्या अशा परत परत येणाऱ्या बिघाडाबद्दल आहे. कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती) आणि कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या) पुसल्या की लॉगिन पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून त्या वेळेपुरतं भागतं. बिघाडाचं मूळ मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. ते शोधायला दोन प्रश्न पुरतात: लॉगिन नेमकं कुणाच्या पानावर थांबलं, आणि ते केव्हा केव्हा बिघडतं?

पान कुणाचं?

एसएसओमध्ये ओळख पटवणारी सेवा वेगळी आणि ज्यात काम करायचं ते ॲप वेगळं. ओळख पटवण्याचं काम मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी, गूगल वर्कस्पेस, ओक्टा यांपैकी एखादी सेवा करते. एन्ट्राचं नाव २०२३ पर्यंत अझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होतं, ऑफिसच्या जुन्या सूचनांमध्ये तेच लिहिलेलं असेल. तुमचा पासवर्ड फक्त या सेवेकडे असतो. खात्री पटली की ती ॲपला सही केलेला निरोप पाठवते: हा माणूस अमुक ईमेलचा, आत्ताच तपासला. ॲप ती सही तपासतं, ईमेल आपल्या यादीत शोधतं आणि मग आत घेतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने नोंद करून सोडलं, तरी फ्लॅटमधल्या माणसाने ओळखलं नाही तर दाराबाहेरच उभं राहावं लागतं, तसला हा प्रकार.

म्हणून अडकलं की काहीही बदलण्याआधी ॲड्रेस बार वाचा. तिथे लॉगिन डॉट मायक्रोसॉफ्टऑनलाइन डॉट कॉम, अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम किंवा कंपनीच्या नावाचा ओक्टाचा पत्ता असेल, तर तुम्ही गेटवरच अडलात. पासवर्ड, ओटीपी, त्या ॲपची परवानगी किंवा कंपनीने घातलेली एखादी अट, यांपैकी काहीतरी आडवं आलं आहे. पत्ता ॲपचा असेल, तर तुमची ओळख पटलेली आहे आणि तक्रार ॲपची आहे. अशा वेळी पासवर्ड बदलून काहीच साधत नाही. ॲपच्या पानावरचं 'फरगॉट पासवर्ड' दाबणं तर वेळ घालवणंच, कारण एसएसओ सक्तीचा असेल तर त्या ॲपला तुमचा पासवर्ड ठाऊकच नसतो. आणि पत्ता या दोघांमध्ये टोलवला जात असेल, तर घोळ ब्राउझरमधल्या सेशनचा (एकदा लॉगिन झाल्यावर चालू राहणाऱ्या ओळखीचा) किंवा कुकीचा आहे.

या दोघांपैकी कुणाचंच नसलेलं तिसरंच नाव तिथे दिसलं तर पासवर्ड टाकू नका. एसएसओच्या पानाची हुबेहूब नक्कल करणारे सापळे असतात, आणि तिथे दिलेला एक पासवर्ड कंपनीची सगळी ॲप्स उघडतो. टाकून बसलाच असाल तर आधी आयटीला कळवून सगळी सेशन्स बंद करून घ्या. पैशाचा व्यवहार गुंतला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

त्याच त्या पानावर फिरत राहणं

याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे बुकमार्क. लॉगिन चालू असताना ॲड्रेस बारमध्ये जो लांबच लांब पत्ता दिसतो, त्यात त्या एका वेळेपुरती विनंती गुंफलेली असते. ॲप ती थोडा वेळच लक्षात ठेवतं. तोच पत्ता बुकमार्क करून दुसऱ्या दिवशी उघडला, तर ओळख पटवणारी सेवा बिचारी तुम्हाला व्यवस्थित तपासून परत पाठवते, पण ॲपला अशी विनंती केल्याचं आठवतच नाही. मग 'इनव्हॅलिड स्टेट', 'रिक्वेस्ट एक्स्पायर्ड' असा काहीतरी एरर येतो किंवा मुकाट्याने पुन्हा लॉगिन पान. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर कुणीतरी पिन करून ठेवलेली 'लॉगिन लिंक' बऱ्याचदा याच जातीची निघते.

उपाय सोपा आहे. जुना बुकमार्क पुसा, ॲपचा साधा मुखपृष्ठाचा पत्ता हाताने टाइप करा आणि तोच जतन करा. एन्ट्रा वापरणाऱ्यांनी मायॲप्स डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम हे एकच पान जतन केलं तरी चालतं, तिथे मिळालेली सगळी ॲप्स दिसतात. दर सोमवारीच लॉगिन अडत असेल तर ब्राउझरची एक सेटिंग तपासा: सुरू होताना मागच्या वेळचे टॅब उघडायचे का? तसं असेल तर शुक्रवारी अर्धवट राहिलेलं लॉगिन पान सोमवारी जसंच्या तसं उघडतं, आणि त्याची मुदत केव्हाच संपलेली असते. तो टॅब बंद करून नव्याने जा.

दुसरं कारण, एकाच ब्राउझरमध्ये दोन खाती. घरचं जीमेल आणि ऑफिसचं गूगल खातं एकत्र असेल, तर लॉगिन करताना घरचं खातं पुढे केलं जाऊ शकतं, आणि ॲपच्या यादीत ते अर्थातच नसतं. ऑफिससाठी क्रोमचं किंवा एजचं वेगळं प्रोफाइल करा. इन्कॉग्निटो खिडकीत लॉगिन झालं आणि नेहमीच्या खिडकीत नाही, तर संशय आधी याच्यावर घ्यावा. मात्र इन्कॉग्निटोलाच रोजचा उपाय करू नका. खिडकी बंद केली की ओळख पुसली जाते, म्हणजे रोज ओटीपी आणि रोज तीच कटकट.

मालाड, ऐरोलीसारख्या ठिकाणी पाळ्यांमध्ये चालणाऱ्या ऑफिसांत एकाच डेस्कटॉपवर तीन जण बसतात. तिथे हा घोटाळा वेगळ्या रूपात येतो. आधीच्या पाळीतला माणूस ॲपमधून लॉगआउट करून जातो, पण ओळख पटवणाऱ्या सेवेतलं त्याचं सेशन चालूच राहतं. पुढच्याने एसएसओचं बटण दाबलं की पासवर्ड न विचारताच आधीच्याच्या नावाने दार उघडतं. हा नुसता तांत्रिक त्रास नाही, उद्या कुणाच्या नावावर काय नोंदलं गेलं याचा वाद होऊ शकतो. अशा यंत्रांवर प्रत्येकाला विंडोजचा वेगळा यूजर द्यावा. ते जमत नसेल तर ब्राउझर गेस्ट मोडमध्ये वापरून पाळी संपताना त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या, असा नियम करावा.

तिसरं कारण कुकीजची अडवणूक. एखादं ॲप दुसऱ्याच पानाच्या चौकटीत उघडत असेल, म्हणजे टीम्सच्या टॅबमध्ये किंवा कंपनीच्या पोर्टलमध्ये, तर ब्राउझरच्या लेखी त्याच्या कुकीज परक्या ठरतात. सफारी मार्च २०२० पासून अशा सगळ्या कुकीज मुळातच अडवते. ॲप स्वतंत्र टॅबमध्ये उघडून बघा. तिथे चाललं तर निदान झालं. मोबाइलवरही असाच प्रकार होतो: व्हॉट्सॲप किंवा मेलमधल्या लिंकवर टिचकी मारली की काही ॲप्स आपलाच छोटा ब्राउझर उघडतात, आणि त्यात तुमचं सेशनही नसतं आणि हा फोन कंपनीने नोंदवलेला आहे याचा पुरावाही पोहोचत नाही. मेनूतून 'ओपन इन क्रोम' किंवा 'ओपन इन सफारी' निवडा.

आता जरा आतली गोष्ट, ॲप बनवणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या मागे लागणाऱ्यांसाठी. ओटीपी पटकन दिला तर लॉगिन होतं, शोधण्यात वेळ गेला तर होत नाही, असं दिसत असेल तर कुकीवरचं 'सेमसाइट' लेबल (दुसऱ्या साइटवरून येताना ती कुकी सोबत जाऊ द्यायची का, हे ठरवणारं) तपासायला सांगा. सॅमल ही असा निरोप पाठवायची एक ठरलेली पद्धत. तिच्यात सही केलेला निरोप दुसऱ्या साइटवरून पोस्ट होऊन येतो. फेब्रुवारी २०२० मधल्या क्रोम ८० पासून, लेबल नसलेली कुकी 'लॅक्स' धरली जाते आणि अशा पोस्टसोबत ती जात नाही. फक्त कुकी नुकतीच बनलेली असेल तर क्रोम २ मिनिटांची सूट देतं. त्या २ मिनिटांत काम आटोपलं तर ठीक, एरवी ॲपला आपली कुकी सापडत नाही. त्या कुकीला 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' ही लेबलं लावणं हे ॲपवाल्यांचं काम आहे. वापरणाऱ्याने कितीही कॅशे साफ केली तरी यात फरक पडणार नाही.

घड्याळाबद्दलचा गैरसमज

'कॉम्प्युटरची वेळ तपासा' हा सल्ला सरसकट दिला जातो, तो अर्धाच खरा आहे. सॅमलच्या निरोपावर 'या वेळेआधी नाही, या वेळेनंतर नाही' असे दोन शिक्के असतात, पण ते तपासतो ॲपचा सर्व्हर, तुमचं यंत्र नव्हे. ॲप ऑफिसातल्याच सर्व्हरवर चालत असेल आणि त्याचं घड्याळ काही मिनिटं मागे-पुढे गेलं असेल, तर सगळ्यांचंच लॉगिन अडेल. तिथे एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायच्या सोयीने) वेळ जुळवून घेणं हाच उपाय.

तुमच्या यंत्राची वेळ दुसऱ्या कारणांनी आडवी येते. तारीख फारच चुकली असेल तर ब्राउझर सुरक्षित जोडणीच नाकारतो. विंडोज डोमेनवरच्या (कंपनीच्या सर्व्हरला जोडलेल्या यंत्रांच्या) आपोआप लॉगिनला मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. रोज सकाळी जुन्या डेस्कटॉपची तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपली आहे. बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ लागते, लॅमिंग्टन रोडलाच जायला हवं असं नाही, घड्याळाच्या दुकानातही मिळते. आणि ऑथेंटिकेटरचे (फोनवर लॉगिनचे कोड दाखवणाऱ्या ॲपचे) सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतात ते फोनच्या घड्याळावर, तेव्हा फोनची वेळ 'ऑटोमॅटिक'वरच ठेवा.

एररचा आकडा काय सांगतो

एन्ट्राच्या एररमध्ये 'एएडीएसटीएस' या अक्षरांपुढे आकडा असतो. तो न वाचता स्क्रीनशॉट कापून पाठवणारे फार. खरं निदान त्या आकड्यातच असतं.

५०१२६ म्हणजे यूजरनेम किंवा पासवर्ड चुकला. इथल्या आकड्यांत पासवर्ड खरंच चुकला आहे असं सांगणारा हा एवढाच. ५००५३ म्हणजे फार वेळा चुकल्यामुळे खातं काही काळ बंद. पासवर्ड बदलल्यावर दर काही तासांनी हे होत असेल तर जुना पासवर्ड कुठेतरी तग धरून आहे: जुन्या फोनवरचं मेल ॲप, स्कॅनरची मेल सेटिंग, असं काहीतरी शोधा.

५०१०५ म्हणजे तुम्ही खरे आहात, पण हे ॲप तुम्हाला दिलेलं नाही. ५००२० म्हणजे ज्या खात्याने आलात ते या कंपनीच्या यादीतच नाही, म्हणजे बहुधा चुकीचं खातं निवडलं गेलं. ५३००३ म्हणजे कंपनीच्या अटींनी अडवलं, त्याबद्दल खाली. ५००११ आणि ७०००१६ दिसले तर वापरणाऱ्याच्या हातात काही नाही. पहिल्यात परतीचा पत्ता (ओळख पटल्यावर तुम्हाला ॲपमध्ये जिथे पाठवायचं तो) जुळत नाही, आणि त्यात शेवटची एक तिरकी रेघ कमी असणंही पुरतं. दुसऱ्यात ते ॲपच कंपनीच्या डिरेक्टरीत सापडत नाही.

७५०११ चमत्कारिक वाटतो: कंपनीच्या लॅपटॉपवर अडतं, इन्कॉग्निटोमध्ये मात्र चालतं. लॅपटॉप बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडलेला असतो, आणि ॲप हटून बसलेलं असतं की पासवर्डनेच ओळख पटवून या. ॲपच्या सेटिंगमधला हा हट्ट काढायला लावा. सॅमलच्या भाषेत त्याला 'रिक्वेस्टेड ऑथेन-कॉन्टेक्स्ट' म्हणतात.

गूगल वर्कस्पेसमध्ये आकड्यांऐवजी वाक्यं येतात. '४०३ ॲप नॉट एनेबल्ड फॉर यूजर' म्हणजे ॲडमिनने तुमच्या विभागासाठी ते ॲप चालू केलेलं नाही. चालू केल्यावरही बदल सगळीकडे पोहोचायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा दर दहा मिनिटांनी ॲडमिनला फोन करू नका. 'ॲप नॉट कॉन्फिगर्ड फॉर यूजर' आलं तर ॲप पाठवत असलेला एंटिटी आयडी (ॲपची ओळख सांगणारं ठरलेलं नाव) आणि गूगलच्या सेटिंगमधला एंटिटी आयडी अक्षरशः ताडून बघावा लागतो.

लॉगिन झालं, पण आत सगळं रिकामं

हा प्रकार सर्वांत फसवा, कारण एरर येतच नाही. आत गेल्यावर जुनी फाइल नाही, प्रोजेक्ट नाही, जणू पहिलाच दिवस. कारण असं, की निरोपात आलेला ईमेल ॲपच्या यादीतल्या ईमेलशी जुळला नाही, आणि न जुळल्यास नवं खातं बनव, अशी ॲपला मुभा दिलेली होती.

ईमेल बदलायची कारणं ठरलेली आहेत. लग्नानंतर आडनाव बदललं. कंपनी 'डॉट को डॉट इन'वरून 'डॉट कॉम'वर गेली. वाघ आडनाव एका यादीत 'व्ही'ने आणि दुसऱ्या यादीत 'डब्ल्यू'ने लिहिलं गेलं. काही ॲप्सना तर मोठ्या आणि लहान अक्षराचा फरकही चालत नाही.

अशा रिकाम्या खात्यात काम सुरू करू नका. दोन दिवसांचं काम नव्या खात्यात जमलं की दोन्ही खाती एकत्र करणं हे मोठं जिकिरीचं काम होऊन बसतं. ताबडतोब ॲडमिनला सांगा, जुन्या खात्यावरचा ईमेल बदलून घ्या आणि नवं रिकामं खातं काढून टाकायला लावा. ॲडमिनने ओळखीसाठी ईमेलऐवजी कधीच न बदलणारा आयडी पाठवायची सोय ॲपमध्ये आहे का ते बघावं. असेल तर ती वापरावी, पुढचं प्रत्येक नामांतर सुखाचं जाईल.

मोबाइल आडवा येतो तेव्हा

सिम बदललं असेल तर एक गोष्ट आधीच धरून चाला: दूरसंचार विभागाच्या नियमामुळे नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फोन लागतो, डेटा चालतो, ओटीपी मात्र येत नाही. हरवलेलं सिम परत घेतलं किंवा ई-सिम करून घेतलं तरी हेच. तेव्हा सिम बदलायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी बदला, आणि त्याआधी ऑथेंटिकेटर ॲप जोडून ठेवा. एसएमएसवरचा ओटीपी हा एकमेव मार्ग ठेवणं कोणत्याही बाजूने शहाणपणाचं नाही.

ऑथेंटिकेटरची सूचनाच येत नसेल तर ॲप हाताने उघडा. विनंती बहुतेक वेळा तिथे थांबलेली असते. अँड्रॉइड फोनची बॅटरी वाचवायची सेटिंग मागची ॲप्स झोपवते, त्यामुळे ऑथेंटिकेटरला त्यातून वगळा. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरमध्ये मे २०२३ पासून पडद्यावरचा आकडा फोनवर टाइप करावा लागतो, नुसतं 'अप्रूव्ह' दाबून भागत नाही. तुम्ही लॉगिन करत नसताना असा आकडा विचारला गेला, तर नाकारा आणि लगेच आयटीला कळवा: तुमचा पासवर्ड कुणाला तरी कळलेला आहे.

भुयारी मेट्रोत किंवा इमारतीच्या तळघरात फोनला रेंज नसली की सूचना येणारच नाही. सहा आकडी कोडला नेटवर्क लागत नाही. लॉगिन पानावर 'दुसरी पद्धत वापरा' असा पर्याय असतो, तिथून कोड निवडा.

नवा फोन घेतलात तर एक्स्चेंजमध्ये जुना देऊन टाकण्याआधी नवा नोंदवा. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरचा बॅकअप नव्या फोनवर आणला तरी ऑफिसच्या खात्यासाठी पुन्हा ओळख पटवावी लागते, आणि तेव्हा जुना फोन दुकानदाराच्या खोक्यात असेल तर आयटीशिवाय गत्यंतर नाही. दादर-ठाण्याच्या गर्दीत फोन मारला गेला तर आधी आयटीकडून सेशन्स आणि त्या फोनची नोंद रद्द करून घ्या, मग सिम बंद करा, मग संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करण्याची विनंती द्या. पोर्टलवर पोलीस तक्रारीची प्रत लागते, त्यामुळे तो क्रम शेवटी.

पाऊस पडला की लॉगिन बंद

हे ऐकायला विनोदी वाटतं, पण जुलैमध्ये आयटीकडे नोंदवल्या जाणाऱ्या तक्रारी, म्हणजे 'टिकिटं', खरंच वाढायला जागा आहे. अनेक कंपन्या 'फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरून लॉगिन' किंवा 'ऑफिसबाहेर असाल तर जादा तपासणी' अशी अट घालतात. ऑफिसचं नेटवर्क ओळखलं जातं ते इंटरनेटवर दिसणाऱ्या आयपी पत्त्यावरून. मुख्य फायबर बंद पडली की राउटर दुसऱ्या लाइनवर जातो. तिचा पत्ता यादीत नसतो, आणि ५३००३ सगळ्यांच्या पडद्यावर झळकतो. लहान ऑफिसांत तर केबलवाल्याच्या ब्रॉडबँडचा पत्ता मुळात स्थिर नसतो, राउटर बंद-चालू केला की बदलू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलात तर बऱ्याचदा आयपीव्ही ६ चा (नव्या पद्धतीचा) पत्ता दिसतो, आणि ॲडमिनने भरलेल्या यादीत फक्त आयपीव्ही ४ चे (जुन्या पद्धतीचे) पत्ते असतात.

तपासायची रीत: लॉगिन अडलेलं असताना, त्याच यंत्रावरून, आपला आयपी पत्ता दाखवणारं कोणतंही पान उघडा आणि तो ॲडमिनला पाठवा. चालू असतानाचा पत्ता आणि अडल्यावरचा पत्ता वेगळा असेल तर विषय मिटला. ॲडमिनने दोन्ही लाइनींना स्थिर पत्ता घेऊन दोन्ही यादीत घालावेत. आमच्या मते मात्र आयपीवर भरवसा ठेवण्यापेक्षा 'कंपनीने नोंदवलेला लॅपटॉप आणि दुसरा पुरावा' ही अट जास्त टिकाऊ आहे. पाणी तुंबलेल्या दिवशी निम्मं ऑफिस घरूनच काम करणार, हे मुंबईत गृहीतच धरायला हवं.

व्हीपीएनचाही (इंटरनेटची वाट दुसऱ्या ठिकाणाहून वळवणाऱ्या जोडणीचाही) असाच घोळ. लॅपटॉप सिंगापूरमार्गे, फोन ठाण्यात. सेवेला वाटतं माणूस काही मिनिटांत समुद्र ओलांडून आला, आणि ती संशयाने अडवते.

ॲडमिनच्या टेबलावरचं

एका सकाळी सगळ्यांचंच एक ॲप बंद आणि बाकीची चालू, तर आधी सही करणाऱ्या सर्टिफिकेटची (निरोपावरची सही ज्यावरून तपासली जाते त्या फाइलची) मुदत बघा. एन्ट्रा आपोआप बनवतं ते सर्टिफिकेट ३ वर्षांचं, गूगल वर्कस्पेसचं ५ वर्षांचं. एन्ट्रा मुदतीआधी ६०, ३० आणि ७ दिवसांवर ईमेल पाठवतं, पण तो जातो ॲप जोडताना नोंदलेल्या पत्त्यावर. तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तर तीनही इशारे हवेत विरतात. तिथे व्यक्तीऐवजी आयटी विभागाचा सामायिक पत्ता घाला. ओपनआयडी कनेक्टने (सॅमलऐवजी वापरतात त्या दुसऱ्या पद्धतीने) जोडलेल्या ॲपला सर्टिफिकेटऐवजी गुप्त की असते. एन्ट्राच्या पोर्टलवर ती जास्तीत जास्त २४ महिन्यांची बनते आणि संपल्यावर ७०००२२२ हा एरर येतो.

सर्टिफिकेट बदलताना क्रम चुकवू नका. एन्ट्रात नवं बनवा पण चालू करू नका. ते ॲपमध्ये चढवा. ॲप दोन सर्टिफिकेटं एकदम ठेवू देत असेल तर जुनं राहू द्या. मग एन्ट्रात नवं चालू करा आणि वेगळ्या ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघा. ॲपमधलं ॲडमिनचं चालू सेशन हे सगळं होईपर्यंत बंद करू नका, कारण ॲप एकच सर्टिफिकेट घेत असेल तर मधली काही मिनिटं लॉगिन बंद राहणार. लेखा विभागाचं ॲप असेल तर जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास याला हात लावू नये.

दर नवा माणूस रुजू झाला की ५०१०५ येत असेल, तर ग्रूपमधला ग्रूप शोधा. ॲप 'मुंबई ऑफिस' या ग्रूपला दिलं आणि नवा माणूस त्याच्या आतल्या 'लेखा' ग्रूपमध्ये घातला, तर एन्ट्रा त्याला ॲप देत नाही. परवानगी थेट सभासदांपुरतीच चालते. उलट फक्त जुन्या आणि वरिष्ठ लोकांची कामाची परवानगी गायब होत असेल, तर त्यांचे ग्रूप मोजा. सॅमलच्या निरोपात १५० पेक्षा जास्त ग्रूप झाले की एन्ट्रा यादी पाठवतच नाही. सगळ्या ग्रूपऐवजी त्या ॲपला दिलेले ग्रूपच पाठवायची सेटिंग करा. आणि खाती आपोआप बनवायची सोय लावली असेल, तर एन्ट्राची फेरी साधारण ४० मिनिटांनी होते. सकाळी ९ ला नाव घातलं आणि ९ वाजून ५ मिनिटांनी लॉगिन नाही, हा बिघाड नव्हे.

एसएसओ सक्तीचा करण्याआधी, त्यावर अवलंबून नसलेली दोन आपत्कालीन ॲडमिन खाती हवीतच. त्यांचे पासवर्ड किंवा सुरक्षा-की कुलपात ठेवा, आयपीच्या अटींतून ती वगळा आणि ती वापरली गेली की इशारा येईल असं करा. नाहीतर एसएसओ बिघडल्यावर तो दुरुस्त करायलाही एसएसओनेच शिरावं लागतं.

टिकीट टाकताना

'लॉगिन होत नाही' एवढ्यावर कुणी काही शोधू शकत नाही. ॲड्रेस बारमधलं डोमेन, एररचा पूर्ण आकडा, कोरिलेशन आयडी (एररखाली छापलेला त्या प्रयत्नाचा ओळख-क्रमांक), वेळ, ब्राउझर, ऑफिसची लाइन की मोबाइल डेटा, आणि दुसऱ्या कुणाला येतो का, एवढं लिहा. एररखाली छापलेली वेळ 'झेड'ने संपत असेल तर ती जागतिक वेळ आहे, त्यात साडेपाच तास मिळवा: ०४:३० झेड म्हणजे आपल्याकडे सकाळचे १०. टिकीट लांबवू नका. एन्ट्राच्या फुकट आवृत्तीत लॉगिनची नोंद ७ दिवसच राहते, पैसे भरलेल्या पी१ आणि पी२ मध्ये ३०.

ॲपवाल्यांनी 'हार' (एचएआर) फाइल, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या सगळ्या देवाणघेवाणीची नोंद, मागितली तर ती तशीच पाठवू नका. तिच्यात चालू सेशनच्या कुकीज असतात, त्यांच्या जोरावर पासवर्डशिवाय तुमच्या नावाने आत जाता येतं. २०२३ मध्ये ओक्टाच्या ग्राहक-मदत प्रणालीत शिरलेल्या हल्लेखोरांनी अशाच फाइलींतून सेशन टोकन (लॉगिन झाल्याचे डिजिटल पुरावे) उचलली होती. कुकीज आणि टोकन काढून टाका, आणि फाइल बनवून झाल्यावर ते सेशन लॉगआउट करा. सॅमलचा निरोप वाचायचा असेल तर फायरफॉक्स आणि क्रोमसाठी सॅमल-ट्रेसर हे एक्स्टेन्शन आहे. त्यात 'नेमआयडी' (निरोप कुणाबद्दल), 'ऑडियन्स' (कोणत्या ॲपसाठी) आणि 'नॉट ऑन ऑर आफ्टर' (केव्हापर्यंत चालेल) या तीन ओळी आधी बघा. 'नेमआयडी'मध्ये जो ईमेल दिसेल तो ॲपमधल्या खात्यावरच्या ईमेलशी एकेक अक्षर ताडा, आणि टिकिटात दोन्ही कॉपी करून चिकटवा, हाताने टाइप करू नका.